फिट्स फाइल डाउनलोड झाली, पण काहीच दिसत नाही: नेमकं काय तपासायचं

पावसाळा लागला की ठाणे-नवी मुंबईतल्या दुर्बिणी कपाटात जातात. जून ते सप्टेंबर वांगणीसारख्या निरीक्षणाच्या जागी जाऊनही ढगच बघायचे, म्हणून हौशी निरीक्षक आणि प्रोजेक्ट करणारी कॉलेजची मुलं ऑनलाइन अर्काइव्हकडे वळतात. हबल, जेम्स वेब, टेस, गाया, आपलं अ‍ॅस्ट्रोसॅट, खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, या सगळ्यांचा डेटा घरबसल्या आणि फुकट मिळतो, बहुतेकदा ‘फिट्स’ या खगोलशास्त्रातल्या नेहमीच्या फाइलप्रकारात. मग दरवर्षी तीच तक्रार कानावर येते: फाइल तर आली, पण उघडत नाही, किंवा उघडते, आणि सगळा पडदा काळा.

बहुतेक वेळा फाइल धडधाकट असते. ‘करप्ट आहे’ म्हणून तीच फाइल पुन्हा डाउनलोड करणं हा सगळ्यात शेवटचा उपाय, पण बहुतेकजण तोच आधी करतात आणि दिवसाचा डेटा पॅक त्यात संपवतात. खाली दिलेल्या क्रमाने तपासत गेलात तर पहिल्या तीन पायऱ्यांतच उत्तर मिळण्याची शक्यता मोठी आहे.

हातात आलेली फाइल खरंच फिट्स आहे का?

फिट्सचा साचा १९८१ सालचा, चुंबकीय टेपच्या काळातला आहे, आणि त्याची एक जुनी शिस्त आज आपल्या फार कामी येते. संपूर्ण फाइल २८८० बाइटच्या ठोकळ्यांत बसवलेली असते. हेडर म्हणजे ८० अक्षरांच्या ओळी, एका ठोकळ्यात ३६. डेटा कमी पडला तर उरलेली जागा शून्यं भरून ठोकळा पुरा करतात. त्यामुळे पहिली तपासणी कॅल्क्युलेटरवर होते: फाइलचा आकार बाइटमध्ये घ्या आणि २८८० ने भागा. विंडोजमध्ये प्रॉपर्टीज उघडल्यावर ‘साइज’ हा आकडा घ्यायचा, ‘साइज ऑन डिस्क’ नाही. भागाकार पूर्णांकात आला नाही तर फाइल अर्धवट उतरली आहे, किंवा ती मुळात फिट्स नाहीच.

उदाहरण घेऊ. ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेलचं १६ बिटचं चित्र म्हणजे ३,३५,५४,४३२ बाइट. ठोकळे पुरे करून होतात ११,६५१, म्हणजे ३,३५,५४,८८० बाइट. हेडरचे दोन ठोकळे धरले तर एकूण ३,३५,६०,६४०. तुमच्या फाइलचा आकार ३,१२,००,००० च्या आसपास दिसत असेल, तर मधेच वायफाय गेलं होतं. अशी फाइल काही सॉफ्टवेअर उघडतही नाहीत. उघडलीच तर चित्राचा वरचा भाग गायब असतो, कारण फिट्समध्ये ओळी खालून वर रचतात. अ‍ॅस्ट्रोपाय (पायथनमध्ये फिट्स वाचणारी लायब्ररी) अशा वेळी ‘फाइल मे हॅव बीन ट्रंकेटेड’ अशी सूचना देतं आणि अपेक्षित आकार व प्रत्यक्ष आकार दोन्ही छापतं. ती सूचना लाल अक्षरांत येते म्हणून घाबरून बंद करू नका, त्यातच उत्तर आहे.

दुसरी तपासणी पहिल्या ओळीची. फाइल नोटपॅडमध्ये उघडा. फार मोठी असेल तर नोटपॅड गोठेल, तेव्हा लिनक्स किंवा मॅकवर ‘हेड’ आज्ञेने पहिली ८० अक्षरं काढा. खऱ्या फिट्सची सुरुवात ‘सिम्पल’ या शब्दाने होते, पुढे बरोबरची खूण, बरीच मोकळी जागा आणि तिसाव्या स्थानावर ‘टी’. तिथे ‘डॉकटाइप एचटीएमएल’ दिसलं तर तुम्ही वेबपान उतरवलं आहे: लॉगिन संपलेलं, कॉलेजच्या फायरवॉलने अडवलेलं, किंवा डेटा अजून खुला न झालेला. असली फाइल नावाने फिट्स असते आणि आकाराने जेमतेम काही केबी. अ‍ॅस्ट्रोपायचा ‘हेडर मिसिंग एंड कार्ड’ हा एरर बहुतांशी अशाच फाइलवर येतो. हेडर मोडलेलं नसतं, हेडर मुळात नसतंच.

पहिली अक्षरं वाचताच येत नसतील तर फाइल दाबलेली आहे. नावाच्या शेवटी जीझेड असेल तर अ‍ॅस्ट्रोपाय आणि डीएस-नाइन (फिट्स चित्रं बघायचं सॉफ्टवेअर) ती थेट उघडतात. स्लोन या आकाश-सर्वेक्षणाच्या चित्रफाइली बीझेड-टू प्रकारात येतात, त्या सेव्हन-झिपने मोकळ्या करा. इथे एक विचित्र घोळ होतो. काही ब्राउझर जीझेड फाइल उतरवताना स्वतःच मोकळी करतात, पण नाव तसंच ठेवतात. मग सेव्हन-झिप म्हणतं ही जीझेड नाही, आणि ते खरंच असतं. पहिली ओळ वाचता येत असेल तर नावातलं शेवटचं जीझेड खोडा, काम झालं.

शेवटी एफझेड असलेली फाइल वेगळी. ती आतून दाबलेली असली तरी वैध फिट्सच असते, आणि तिच्यातलं चित्र तांत्रिकदृष्ट्या तक्त्याच्या रूपात साठवलेलं असतं. म्हणून साधी सॉफ्टवेअर ‘यात चित्र नाही, टेबल आहे’ असं सांगतात. ‘एफअनपॅक’ने मोकळी करा, किंवा ही पद्धत ओळखणारं डीएस-नाइन वापरा.

आणि फाइलचं नाव. तीच फाइल दुसऱ्यांदा उतरवली की ब्राउझर नावापुढे कंसात १ लिहितो. फिट्स वाचणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअरच्या पोटात सीफिट्सआयओ नावाची लायब्ररी असते आणि तिच्या दृष्टीने फाइलच्या नावातले गोल आणि चौकोनी कंस म्हणजे आज्ञा. त्यामुळे फाइल समोर असूनही ‘सापडत नाही’ असं उत्तर येतं. फोल्डरचं नाव देवनागरीत असेल किंवा त्यात मोकळ्या जागा असतील तरी काही प्रोग्राम अडतात. सी किंवा डी ड्राइव्हवर साध्या इंग्रजी नावाचा एक फोल्डर करा, नावातले कंस काढा, मग पुढचं बघा. पेनड्राइव्हवरून लॅबमध्ये नेताना फाइल तुटत असेल तर पेनड्राइव्हचा फॉरमॅट बघा: फॅट-३२ वर ४ जीबीहून मोठी एकच फाइल मावत नाही.

पहिला कप्पा रिकामाच असतो

हबल आणि जेम्स वेबच्या फाइलींबाबत सगळ्यात जास्त येणारी अडचण ही, आणि तिचं कारण अगदी साधं आहे. फिट्स फाइलीत एकामागे एक कप्पे असतात, प्रत्येकाचं हेडर वेगळं, डेटा वेगळा. या दोन्ही दुर्बिणींच्या तयार फाइलींत शून्य क्रमांकाच्या कप्प्यात फक्त माहिती असते: कुठला फिल्टर, कुठली तारीख, किती वेळ. त्यात चित्र नसतं, एनअ‍ॅक्सिसची, म्हणजे अक्षांच्या संख्येची, किंमत शून्य असते. पायथनमध्ये शून्यावा कप्पा मागितला की ‘नन’ मिळतं, आणि पुढच्या ओळीत ‘ननटाइपला शेप नाही’ असा एरर. चित्र पुढच्या, ‘एससीआय’ नावाच्या कप्प्यात असतं.

म्हणून कुठलीही फाइल हातात आली की आधी कप्प्यांची यादी छापायची सवय लावा. अ‍ॅस्ट्रोपायमध्ये ‘इन्फो’ हा एकच शब्द ती यादी देतो. डीएस-नाइनमध्ये फाइल, मग ‘ओपन अ‍ॅज’, मग ‘मल्टिपल एक्स्टेन्शन फ्रेम्स’ निवडलं की सगळे कप्पे वेगवेगळ्या चौकटींत उघडतात. आणि कप्पा मागताना क्रमांकाने न मागता नावाने मागा. हबलच्या वाइड फील्ड कॅमेरा ३ च्या यूव्हीआयएस शाखेच्या ‘एफएलटी’ फाइलीत दोन चिपची दोन चित्रं असतात आणि त्यांच्यामध्ये त्रुटीचा आणि दर्जाचा कप्पा येतो, त्यामुळे ती १ आणि ४ क्रमांकावर बसतात. क्रमांक २ उघडून ‘हे कसलं पुसट चित्र’ म्हणणाऱ्यांनी त्रुटीचा नकाशा उघडलेला असतो.

कुठली फाइल उतरवायची हेही इथेच ठरवा. हबलसाठी नावाच्या शेवटी ‘डीआरझेड’ किंवा ‘डीआरसी’, जेम्स वेबसाठी ‘आय-टू-डी’. ही जोडून, सरळ करून ठेवलेली चित्रं. ‘रॉ’ आणि ‘अनकॅल’ म्हणजे कच्चा माल; कॉस्मिक किरणांच्या रेघांनी भरलेला, आणि वेबच्या बाबतीत आकारानेही दांडगा. मास्ट या हबल-वेबच्या अर्काइव्हवर ‘मिनिमम रेकमेंडेड प्रॉडक्ट्स’ अशी गाळणी आहे, ती लावली की शेकडो फाइलींची यादी आटोक्यात येते. त्याआधी प्रिव्ह्यू चित्र बघून घ्या. शंभर केबीचं प्रिव्ह्यू बघायचं सोडून दोन जीबीची फाइल उतरवण्यात काहीच अर्थ नाही.

कप्पा बरोबर, तरी काळा

आता खरा काळा पडदा. फाइलीत आकडे असतात, चित्र नसतं; चित्र आपण त्या आकड्यांना रंगछटा देऊन बनवतो. समजा आकाशाची पार्श्वभूमी ०.०२ आहे, तेजोमेघ ०.५ पर्यंत जातो, आणि कोपऱ्यातल्या एका तेजस्वी ताऱ्याचा पिक्सेल ३००० आहे. सॉफ्टवेअरने सगळ्यात लहान आकड्याला काळा आणि सगळ्यात मोठ्याला पांढरा दिला की उरलेलं सगळं काळ्यातच दबणार. फाइल बरोबर, छटा चुकीच्या.

डीएस-नाइनमध्ये ‘स्केल’ मेनूतून ‘झेडस्केल’ निवडा, बहुतेक काळे पडदे इथेच उजळतात. तेजोमेघ किंवा दीर्घिकेचं केंद्र आणि कडा दोन्ही हवे असतील तर ‘लॉग’ किंवा ‘ए-सिन-एच’, आणि मर्यादा ९९.५ टक्के. उजव्या बटणाने माउस ओढून कॉन्ट्रास्ट फिरवता येतो. पायथनमध्ये हेच हाताने करा: १ आणि ९९.५ पर्सेंटाइल काढून त्या दोन मर्यादा चित्राला द्या. पण साधं पर्सेंटाइल वापरू नका. वेबच्या चित्रांच्या कडेला ‘नॅन’, म्हणजे ‘आकडाच नाही’ अशा जागा असतात, आणि एक नॅन जरी आला तरी साध्या पर्सेंटाइलचं उत्तरही नॅन येतं, मग चित्र कोरं. ‘नॅनपर्सेंटाइल’ वापरा. सुंदर रंगीत चित्रच करायचं असेल तर फिट्स लिबरेटर किंवा सिरिल हाताशी ठेवा. फोटो एडिटरमध्ये फिट्स थेट उघडण्याच्या भानगडीत पडू नका, तिथे ऋण आकडे आणि दशांश दोन्ही कापले जातात.

चित्र काळं नाही, पण अर्धे तारे पांढऱ्याऐवजी काळे खड्डे दिसतात? मग हेडरमधली बीझीरो ही नोंद बघा. फिट्समध्ये १६ बिटचे आकडे चिन्हासह साठवतात, उणे ३२,७६८ ते ३२,७६७. कॅमेऱ्याचे ० ते ६५,५३५ त्यात बसवण्यासाठी आधी ३२,७६८ वजा करतात, आणि हेडरमध्ये बीझीरो ३२,७६८ लिहितात. वाचणाऱ्याने ते परत मिळवायचे असतात. अ‍ॅस्ट्रोपाय आपोआप मिळवतं. घरी लिहिलेले किंवा जुने प्रोग्राम विसरतात. सगळं चित्र टीव्हीवरच्या मुंग्यांसारखं दिसत असेल तर बाइटचा क्रम उलटा वाचला गेला आहे. फिट्समध्ये मोठा बाइट आधी, आपल्या लॅपटॉपमध्ये लहान आधी. पांडास या पायथनच्या तक्त्यांच्या लायब्ररीत टेबल टाकताना येणारा ‘बिग-एंडियन बफर’चा एररही याच जातीचा. अ‍ॅस्ट्रोपायच्या टेबलमधूनच ‘टू पांडास’ करा, क्रम तिथे बदलून मिळतो.

चित्र उलटं दिसणं ही चूक मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख काढणाऱ्या लायब्ररीच्या सवयीची. त्याचा उगमबिंदू वर-डावीकडे, फिट्सचा खाली-डावीकडे, म्हणून ‘ओरिजिन लोअर’ सांगावं लागतं. शिवाय फिट्स पिक्सेल १ पासून मोजतं आणि पायथन ० पासून, अक्षांचा क्रमही उलटा. तारा एका पिक्सेलने सरकलेला सापडत असेल तर यापुढे शोधू नका.

जीएमआरटीची फाइल चित्रच दाखवत नाही

माळशेज घाट ओलांडून नारायणगावच्या दिशेला गेलं की खोडदच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना दिसतात. ठाण्याच्या इतकी जवळची जागतिक दर्जाची वेधशाळा म्हणून तिचा डेटा वापरायची ओढ असणं साहजिक आहे, आणि तो जरूर वापरावा. फक्त काय मिळणार ते माहीत असू द्या. जीएमआरटीच्या ऑनलाइन अर्काइव्हवरून बहुतेकदा येते ती ‘एलटीए’ प्रकारची फाइल. ती आधी ‘लिस्टस्कॅन’ने वाचायची, मग ‘जीव्हीफिट्स’ने फिट्स करायची. आणि ही फिट्सही चित्र नसते. तिच्यात अँटेनांच्या प्रत्येक जोडीने नोंदवलेले संकेत असतात. हेडरमध्ये एनअ‍ॅक्सिस१ शून्य आणि ‘ग्रुप्स’समोर ‘टी’ दिसलं की समजा ही यूव्हीफिट्स आहे. डीएस-नाइन तिच्यातून काहीही दाखवू शकणार नाही. ती कासा किंवा एप्स या रेडिओ डेटाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन खराब भाग काढणं, कॅलिब्रेशन आणि इमेजिंग असा लांबचा रस्ता आहे. एका सेमिस्टरच्या प्रोजेक्टला हा रस्ता मी सुचवणार नाही, हाताशी जाणकार मार्गदर्शक असेल तरच धरा.

त्याऐवजी जीएमआरटीनेच केलेलं १५० मेगाहर्ट्झचं टीजीएसएस सर्वेक्षण घ्या. त्यातली चित्रं तयार आहेत, सुमारे २५ आर्कसेकंद भेदनक्षमतेची. तिथे एकच अडचण येते: रेडिओ चित्राला चार अक्ष असतात, दोन आकाशाचे, एक वारंवारितेचा, एक ध्रुवणाचा. शेवटचे दोन एकेकच घराचे. मॅटप्लॉटलिब अशा चित्रावर ‘इनव्हॅलिड शेप’ म्हणून थांबतं. ‘स्क्वीझ’ने ते दोन अक्ष काढून टाका आणि निर्देशांकांसाठी हेडरमधला ‘सेलेस्टियल’ भागच वापरा.

अर्काइव्ह म्हणतं, काही सापडलं नाही

इथे फाइलीपर्यंत आपण पोचतच नाही. सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे विषुवांशाचं, म्हणजे आकाशातल्या रेखांशाचं, एकक. मृगातल्या तेजोमेघाचा विषुवांश ५ तास ३५ मिनिटं १७ सेकंद. अंशांत तो ८३.८२, कारण एका तासाचे १५ अंश. दशांश तासात तो ५.५९ होतो, तोच आकडा अंशांच्या रकान्यात टाकला तर शोध सुमारे ७८ अंश पश्चिमेला जाऊन पडतो, आणि तिथलं रिकामं आकाश बघून लोक अर्काइव्हला दोष देतात. पीडीएफमधून क्रांती (आकाशातले अक्षांश) उचलली असेल तर उणे चिन्ह पुसून कीबोर्डवरून पुन्हा टाका. छापील उणे चिन्ह दिसायला तसंच असतं, पण संगणकासाठी ते वेगळं अक्षर आहे. जुन्या पुस्तकातले निर्देशांक १९५० च्या विषुवाचे असू शकतात. ५० वर्षांत वर्षाला सुमारे ५० आर्कसेकंद या हिशोबाने फरक ४२ आर्कमिनिटांपर्यंत जातो, पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासापेक्षा जास्त. नावाने शोधत असाल तर सिम्बाद या ताऱ्यांच्या नावांच्या कोशाला व्याध किंवा रोहिणी कळत नाही, सिरियस आणि अल्डेबरान लिहा.

वेगाने सरकणारे तारे आणखी फसवतात. बर्नार्डचा तारा वर्षाला १० आर्कसेकंदांहून जास्त सरकतो. त्याची २००० सालची जागा देऊन गायाच्या ताऱ्यांच्या यादीच्या तिसऱ्या प्रकाशनात १ आर्कमिनिटाच्या वर्तुळात शोधलं तर तो मिळणार नाही. त्या यादीतल्या जागा २०१६.० या काळासाठी आहेत आणि तारा तोवर सुमारे पावणेतीन आर्कमिनिटं पुढे गेलेला आहे.

आणि कधी कधी त्या दुर्बिणीने ती जागा बघितलेलीच नसते. स्लोनची दुर्बीण न्यू मेक्सिकोत, पॅन-स्टार्सची हवाईत. ठाण्याच्या १९ अंश अक्षांशावरून मे महिन्यात दक्षिणेला छान दिसणारा ओमेगा सेंटॉरी उणे ४७ अंशांवर आहे. स्लोनच्या चित्रांत तो नाही, पॅन-स्टार्सचं सर्वेक्षणही उणे ३० अंशांवर थांबतं. अलादिन या आकाशनकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या जागेवर निरनिराळ्या सर्वेक्षणांची व्याप्ती आधी बघा. हबलच्या सर्वेक्षण कॅमेऱ्याची चौकट बाजूला सुमारे २०२ आर्कसेकंद, म्हणजे चंद्राच्या व्यासाच्या नवव्या भागाइतकी. पूर्ण देवयानी दीर्घिका एका फाइलीत मिळेल ही अपेक्षाच ठेवू नका.

तक्ता अर्धा येतो आणि आकडे बदलतात

व्हिझिएर या याद्यांच्या अर्काइव्हमधून नेमक्या ५० ओळी आल्या तर त्या ५० च आहेत असं समजू नका, ती आधीपासून लावलेली मर्यादा आहे. डावीकडे ‘मॅक्स’समोर ती वाढवा, अ‍ॅस्ट्रोक्वेरीत (पायथनमधून अर्काइव्ह शोधायची लायब्ररी) ओळींची मर्यादा उणे १ केली की सगळ्या येतात. गायाच्या साध्या, सिंक्रोनस क्वेरीत २००० ओळींना कात्री लागते, मोठ्या कामाला असिंक्रोनस घ्या. गोल आकडा दिसला की संशय घ्यायचा.

यापेक्षा घातक गोष्ट एक्सेलमध्ये घडते. गायातल्या प्रत्येक ताऱ्याचा ओळखक्रमांक ६४ बिटचा पूर्णांक असतो, १९ अंकांपर्यंत लांब. एक्सेल १५ अंकच सांभाळतं, पुढच्या अंकांच्या जागी शून्यं बसवतं, आणि बऱ्याचदा तसं काही सांगतही नाही. सीएसव्ही नुसती दोनदा क्लिक करून उघडली आणि सेव्ह केली की क्रमांक कायमचे गेले. नंतर त्या क्रमांकांनी गायात शोधलं तर एकही तारा सापडत नाही. एक्सेलच हवं असेल तर ‘डेटा’ मेनूतून मजकूर आयात करा आणि तो स्तंभ ‘टेक्स्ट’ ठरवा. त्याहून चांगलं म्हणजे टॉपकॅट वापरा. ते सीएसव्ही, फिट्स टेबल आणि व्हीओटेबल तिन्ही खातं, लाखो ओळींवर अडत नाही, आणि दोन याद्या आकाशातल्या जागेवरून जुळवून देतं. एक पथ्य मात्र पाळा: गायाच्या दुसऱ्या प्रकाशनातला क्रमांक तिसऱ्यात तोच असेलच असं नाही. जोडायचे असतील तर त्यासाठी दिलेला शेजाऱ्यांचा तक्ता वापरा.

वेळ जुळत नाही

टेसच्या प्रकाशवक्रात, म्हणजे ताऱ्याचं तेज वेळेनुसार कसं बदललं त्या नोंदीत, वेळ १३००, १८०० अशा आकड्यांत असते. तो आकडा म्हणजे बॅरिसेंट्रिक जूलियन दिवस (खगोलशास्त्रातली सलग दिवसमोजणी) वजा २४,५७,०००. शून्य म्हणजे ८ डिसेंबर २०१४ ची दुपार, जागतिक वेळेने. केप्लरमध्ये वजा केलेला आकडा २४,५४,८३३ आहे, म्हणजे १ जानेवारी २००९ ची दुपार. दोघांचे वक्र एकावर एक ठेवताना ही गफलत हमखास होते. वांगणीहून घेतलेलं ग्रहणी ताऱ्याचं स्वतःचं निरीक्षण टेसशी जोडायचं असेल तर तीन गोष्टी पाहा. कॅमेऱ्याच्या लॅपटॉपने हेडरमध्ये भारतीय वेळ लिहिली असेल तर साडेपाच तास वजा करा. टेसची वेळ सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याला धरून असते, त्यामुळे ताऱ्याच्या दिशेनुसार ८ मिनिटांपर्यंतचा फरक पडतो. आणि ती वेळ टीडीबी या मापात असते, जागतिक वेळेपेक्षा सध्या सुमारे ६९ सेकंद पुढे. आपल्याकडे एक सोय आहे: जूलियन दिवस संध्याकाळी साडेपाचला बदलतो, त्यामुळे आपली अख्खी रात्र एकाच आकड्यात बसते.

वक्रात मधेच उड्या दिसत असतील तर ‘क्वालिटी’ स्तंभात शून्य असलेल्याच ओळी ठेवा. आठवडाभर हळूहळू बदलणारा तारा सपाट दिसत असेल तर उपकरणाचे दोष धुतलेला ‘पीडीसीसॅप’ सोडून न धुतलेला ‘सॅप’ स्तंभ काढा. दोष धुताना खरा संथ बदलही धुतला जातो. आणि टेसचा एक पिक्सेल २१ आर्कसेकंदांचा आहे, तेव्हा ते ग्रहण तुमच्या ताऱ्याचं की शेजाऱ्याचं हे गायाची यादी वर ठेवून तपासल्याशिवाय काही जाहीर करू नका.

चांद्रयान, अ‍ॅस्ट्रोसॅट

चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्यांचा डेटा इस्रोच्या प्रदान पोर्टलवर नोंदणी केल्यावर मिळतो, आणि तो फिट्स नसतो, पीडीएस-४ असतो. ‘आयएमजी’ फाइलीत नुसते आकडे आणि सोबतच्या ‘एक्सएमएल’मध्ये ते कसे वाचायचे याची माहिती. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा, नावं बदलू नका, आणि क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडताना ‘एक्सएमएल’ निवडा. एकटी ‘आयएमजी’ कुणालाच समजत नाही.

अ‍ॅस्ट्रोसॅटच्या क्ष-किरण फाइली फिट्सच असतात, पण त्यांत प्रकाशकणांची यादी असते, प्रत्येक ओळ एका कणाची: कधी आला, किती ऊर्जेचा. लॅक्सपीसी हे उपकरण मुंबईच्या टीआयएफआरमध्ये घडलं आणि ते चित्र काढतच नाही, तेव्हा त्यात चित्र शोधू नका. प्रकाशवक्र आणि वर्णपट काढा. चित्रच हवं तर यूव्हीआयटी या अतिनील दुर्बिणीची दुसऱ्या पातळीवरची फाइल घ्या.

डाउनलोड तुटतं, किंवा कुलूप दिसतं

मास्टवरून बऱ्याच फाइली एकदम मागितल्या की कधी कधी ‘एसएच’ शेवट असलेली छोटी फाइल हाती येते. ती डेटा नाही, डाउनलोडच्या आज्ञांची यादी आहे. विंडोजवर ती गिट बॅश किंवा डब्ल्यूएसएलमध्ये चालवा. वीज गेली की पहिल्यापासून सुरू करावं लागू नये म्हणून कर्ल या डाउनलोडच्या आज्ञेला वजाखूण, मोठा सी आणि पुढे मोकळी वजाखूण हा पर्याय द्या, डब्ल्यूगेटला वजाखूण आणि लहान सी. सर्व्हरने साथ दिली तर उरलेला भागच उतरतो. मोबाइल डेटावर असाल तर पूर्ण फाइल मागूच नका. टेसकट किंवा हिप्स-टू-फिट्ससारख्या सेवा हवा तेवढाच तुकडा कापून देतात: १००० गुणिले १००० पिक्सेलचं ३२ बिटचं चित्र फक्त ४ एमबी.

जेम्स वेबची बरीच निरीक्षणं पहिलं वर्षभर ती मागणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी राखीव असतात, जीएमआरटीची साधारण १८ महिने. कुलूप दिसलं तर खुलं होण्याची तारीख वहीत लिहा आणि त्याच वस्तूची जुनी निरीक्षणं शोधा.

एवढं करूनही अडलं तर हेल्पडेस्कला लिहा, ते विद्यार्थ्यांनाही उत्तरं देतात. पत्रात फाइलचं पूर्ण नाव, बाइटमधला आकार, पहिली ओळ, कप्प्यांची यादी, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि एररचा मजकूर द्या. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो नको. मास्टच्या बाल्टिमोरला सकाळी नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. सिम्बाद-व्हिझिएरच्या स्ट्रासबर्गला नऊ वाजतात ते आपल्या उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला, हिवाळ्यात दीडला. पत्र दुपारी पाठवलं तर मास्टचं उत्तर लवकरात लवकर त्या रात्री येईल, तेव्हा प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या दिवसापर्यंत थांबू नका.